लग्न झालेलं नाही, मूल मात्र दोघांचं: पितृत्व, ताबा, पोटगी आणि वारसा यांची कामं कशी करावीत

बाळंतपणानंतर दवाखान्यात एक फॉर्म पुढे येतो. बाळाची जन्मवेळ, वजन, आईचं नाव, आणि त्याखाली वडिलांचं नाव. लग्न झालेल्या जोडप्याचा हा रकाना सहज भरून होतो. लग्न न झालेल्या आईबापांना मात्र अनेकदा तिथेच पहिल्यांदा लक्षात येतं की आपण याबद्दल काहीच बोललेलो नाही.

हा लेख अशांसाठी आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा उजळाईवाडीत भाड्याने एकत्र राहणारं जोडपं, लग्नाचा शब्द देऊन मागे फिरलेल्या माणसापासून मूल झालेली मुलगी, आणि स्वतःच्या लेकराला भेटायलाही मिळत नाही असा बाप, तिघांनाही पुढची माहिती लागेल. माझं म्हणणं एकच आहे: संबंध चांगले असतानाच बापाचं नातं कागदावर आणा. गोडीत असताना जे एका दुपारी होतं, त्यासाठीच पुढे कोर्टाच्या तारखा मोजाव्या लागतात.

कायदा पालक कुणाला मानतो

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 प्रमाणे विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आई असते, आणि तिच्यानंतर बाप. हा कायदा जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. म्हणजे आईला पालक होण्यासाठी कुठेही अर्ज करावा लागत नाही, ती जन्मापासूनच पालक आहे. बापाचा हक्क दुसऱ्या क्रमांकाचा, आणि तोही आधी बाप असल्याचं दाखवल्यावर. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात अशा मुलाचं नातं आईशीच धरलं जातं. पण पोटगीचा जो कायदा पुढे सांगितला आहे तो सगळ्या धर्मांना सारखा आहे.

2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईच्या प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. तिने पालकत्वासाठी अर्ज केला तर बापाला नोटीस काढण्याची किंवा त्याचं नाव उघड करण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. आणि अविवाहित आईने जन्मदाखला मागितला तर फार तर तिचं प्रतिज्ञापत्र घ्यावं, दाखला अडवू नये. या निकालाची एक प्रत जवळ ठेवा. खिडकीवर "ताई, वडिलांचं नाव नसलं तर सिस्टीम पुढे जात नाही" असं ऐकावं लागलेल्या बायका मला भेटल्या आहेत. अशा वेळी वाद घालत बसू नका. लेखी अर्ज द्या, त्याला निकालाची प्रत जोडा आणि पोच घ्या. अर्जावर आवकचा शिक्का बसला की बोलण्याचा सूर बहुतेक वेळा बदलतो.

पहिलं काम: जन्मनोंद

जन्माची खबर 21 दिवसांच्या आत द्यायची असते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती जबाबदारी दवाखान्याची. घरी झालं असेल तर शहरात महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात आणि गावात ग्रामपंचायतीत तुम्हालाच जावं लागतं. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्क भरून काम होतं. त्यानंतर वर्षाच्या आत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो, आणि तो आता सहज मिळत नाही. 2023 च्या दुरुस्तीने अविवाहित आईचा आणि एकट्या पालकाचा खबर देणारी व्यक्ती म्हणून कायद्यातच स्पष्ट उल्लेख केला आहे. त्याच दुरुस्तीमुळे 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, मतदार यादी या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच आधाराचा कागद झाला आहे. म्हणून "बघू नंतर" असं म्हणून हे काम टाळू नका.

बाळाचं नाव ठरलं नसेल तर नावाविना नोंद होते. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं.

आता वडिलांचा रकाना. इथे तीन वाटा आहेत. दोघांची तयारी असेल तर दोघांनी सह्या करून बापाचं नाव लावून घ्या. बापाची तयारी नसेल, किंवा आईलाच त्याचं नाव नको असेल, तर रकाना मोकळा ठेवा आणि आईने एकटीने प्रतिज्ञापत्र द्यावं. तिसरी वाट लोक घाबरून धरतात: मामाचं, आजोबांचं किंवा कुणा भल्या माणसाचं नाव वडील म्हणून लावतात. हे करू नका. ती खोटी नोंद ठरते, ती दुरुस्त करताना मुलाचं पुढचं प्रत्येक कागदपत्र अडकतं, आणि खऱ्या बापाकडून पोटगी मागताना त्याचा वकील तोच दाखला तुमच्यासमोर धरतो.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. आईचं नाव आता मुलाच्या नावाला लागूनच येतं, त्यामुळे एकट्या आईच्या मुलाचा दाखला वेगळा उठून दिसत नाही. पासपोर्ट डिसेंबर 2016 पासून एका पालकाच्या नावावर निघतो. पॅनच्या अर्जातही डिसेंबर 2018 पासून आई एकटी पालक असेल तर वडिलांच्या नावाची सक्ती नाही.

दुसरं काम: बापाने लेखी स्वीकारणं

जन्मदाखल्यावर नाव असलं तरी एवढ्यावर थांबू नका. बापाने वेगळं प्रतिज्ञापत्र करून द्यावं. मजकूर साधा ठेवा:

"मी, (पूर्ण नाव), वय …, राहणार …, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, दिनांक … रोजी कोल्हापूर येथे श्रीमती … यांच्या पोटी जन्मलेले बालक … हे माझे जैविक अपत्य आहे. सदर बालकाच्या जन्मनोंदीत व शैक्षणिक कागदपत्रांत वडील म्हणून माझे नाव लावण्यास माझी संमती आहे. बालकाच्या पालनपोषणाची, शिक्षणाची व औषधोपचाराची जबाबदारी मी स्वीकारत आहे. हे प्रतिज्ञापत्र मी कोणाच्याही दबावाशिवाय, वाचून व समजून घेऊन करीत आहे."

खाली दोन साक्षीदारांच्या सह्या, शक्यतो एक आईच्या बाजूचा आणि एक बापाच्या बाजूचा. नोटरीसमोर सही, आणि दोघांकडे एकेक मूळ प्रत. या कागदाने कोर्टाचा निकाल मिळाल्यासारखं होत नाही. पण माणसाने स्वतः दिलेली ही कबुली असते, आणि ती पुढे नाकारणं त्याला फार जड जातं.

याच बैठकीत पालनपोषणाचा करारही लिहून घ्या. मूल कुणाकडे राहणार, दुसऱ्याने कधी भेटायचं, शाळेची फी कोण भरणार, दवाखान्याचा खर्च कसा वाटायचा, दिवाळी आणि उन्हाळी सुट्टी कुणाकडे. मोघम लिहू नका. "अधूनमधून भेटेल" याने काही ठरत नाही. "दर रविवारी सकाळी 10 ते संध्याकाळी 6, आईच्या घरून घेऊन तिथेच परत सोडणं" असं लिहा. एक मात्र ध्यानात ठेवा, मुलाचा पोटगीचा हक्क आईसुद्धा सोडून देऊ शकत नाही. "एकरकमी दोन लाख घेतले, आता पुढे काही मागणार नाही" असा कागद झाला असला तरी मुलाच्या वतीने पोटगीचा अर्ज करता येतो. आणि करारात काहीही लिहिलेलं असलं तरी न्यायालय शेवटी मुलाचं हित कशात आहे हेच पाहतं.

आईचं आधीचं लग्न कायम असेल तर

ही बाब बहुतेकांना ठाऊक नसते आणि नुकसान सर्वांत जास्त इथेच होतं. स्त्रीचं कुणाशी तरी कायदेशीर लग्न कायम असताना, किंवा ते संपल्यापासून 280 दिवसांच्या आत तिने पुन्हा लग्न केलेलं नसताना, मूल झालं, तर कायदा ते नवऱ्याचंच मानतो. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 चं कलम 116 हेच सांगतं. पूर्वी हे 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 112 होतं. हे गृहीतक मोडायचं तर त्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणंच शक्य नव्हतं हे सिद्ध करावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा हेच सांगितलं: नवऱ्याबद्दलचं हे गृहीतक मोडल्याशिवाय दुसऱ्या माणसाच्या डीएनएची मागणी पुढे जात नाही.

म्हणून नवऱ्याला सोडून दोन वर्षं दुसऱ्याबरोबर राहत असाल आणि घटस्फोट झालेला नसेल, तर आधी घटस्फोटाचा अर्ज लावा, आणि वेगळं राहत असल्याचे पुरावे जपा: भाडेकरार, गॅसचं कनेक्शन, पोलीस ठाण्यातला जुना तक्रार अर्ज, नवरा परगावी नोकरीला असल्याचे कागद. अशा प्रकरणात वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

बाप नाकारत असेल तर

आई अविवाहित असेल तर वरचं गृहीतक आड येत नाही, पण बाप कोण हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर येतो. लोक थेट डीएनए चाचणीच मागतात. न्यायालय ती मागितली की लगेच देत नाही. 1993 पासून सर्वोच्च न्यायालयाचं सांगणं आहे की अशी चाचणी सरसकट मागता येणार नाही, आधी प्रथमदर्शनी भक्कम आधार दाखवावा लागतो. हा आधार तुम्ही उभा करायचा असतो: एकत्र काढलेले फोटो, व्हॉट्सअपवरचे संदेश (मोबाईल बदलण्याआधी बॅकअप घ्या आणि तो मोबाईलही जपून ठेवा), बाळंतपणाच्या वेळी दवाखान्याच्या संमतीपत्रावर त्याने केलेली सही, त्याच्या खात्यातून आलेले पैसे, घरमालक आणि शेजाऱ्यांची साक्ष. दवाखान्यातली सही फार कामाची ठरते. केसपेपरची प्रत वेळीच मागून घ्या, जुने कागद दवाखाने कायम ठेवत नाहीत.

खासगी लॅबमध्ये गुपचूप केलेल्या चाचणीवर पैसे घालवू नका. नमुना कुणाचा, कुणासमोर घेतला, याचा पुरावा नसेल तर तिला फारसं वजन मिळत नाही. न्यायालयाच्या आदेशाने आई, मूल आणि तो माणूस यांचे नमुने ओळख पटवून घेतले जातात आणि सील करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. आदेश होऊनही तो चाचणीला आलाच नाही तर जबरदस्तीने रक्त काढत नाहीत, पण न्यायालय त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं.

पोटगी

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 चं कलम 144, म्हणजे पूर्वीचं 125, मुलाला औरस-अनौरस असा भेद न करता पोटगीचा हक्क देतं. आईबापांचं लग्न झालेलं नाही हे कारण बापाला पुढे करता येत नाही. कोल्हापूर शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. इचलकरंजी, जयसिंगपूर, कागल, गडहिंग्लज अशा ठिकाणी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. तुमचा पत्ता कुठल्या हद्दीत बसतो हे आधी बघून घ्या, चुकीच्या दारात अर्ज केला तर महिने वाया जातात.

अर्जाबरोबरच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचाही अर्ज लावा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, पण प्रत्येक तारखेला वकिलाला हे कलम आठवून द्या. 2020 च्या एका निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून अर्ज लवकर करण्यात फायदाच आहे. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कामाला असलेला माणूस "माझी नोकरी सुटली" असं सांगणारच. त्याची पगार स्लिप, पीएफची नोंद, गाडीचे हप्ते, शेतीचा सातबारा, उसाचं बिल यांपैकी जे हाती लागेल ते जोडा. सातबारा ऑनलाइन निघतो, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून वर्षाच्या आत करा. वर्ष उलटलेली रक्कम या मार्गाने वसूल होत नाही. थकवणाऱ्याला तुरुंगवासही होऊ शकतो.

आईला स्वतःसाठी मदत हवी असेल तर वेगळा कायदा पाहावा लागतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 लग्नासारख्या नात्यालाही लागू आहे. त्यात खर्च, राहण्याची जागा आणि मुलाचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो. पण दोघं खरोखर संसार करत होते हे दाखवावं लागतं, चार-दोन भेटींच्या नात्याला तो लागू होत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज विनामूल्य भरून मिळतो. आई झालेली मुलगी स्वतः 18 वर्षांखालची असेल तर प्रकरण पोक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, जातं आणि दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. तिथे मदतीसाठी 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि बाल कल्याण समिती आहे.

करवीर तालुक्यातल्या एका आजीने मला विचारलं होतं, "कोर्टात गेल्यावर गावात बोंब होईल, मग पोरीचं काय?" कौटुंबिक न्यायालयात सुनावणी बंद खोलीत घेण्याची तरतूद आहे. एका पक्षाने मागितली की न्यायालयाने ती तशीच घ्यायची असते. पहिल्याच तारखेला तसा अर्ज द्या.

बापाने काय करावं

आता बापांसाठी, कारण त्यांच्याशी याबद्दल नीट कुणी बोलत नाही. मुलावर जीव असलेला बाप आणि जबाबदारी झटकणारा बाप यांना आपण एकाच मापाने मोजतो, आणि पहिला हताश होऊन दूर जातो. त्यात मुलाचं नुकसान आहे.

पहिली गोष्ट, पैसे देत राहा, पण रोख नको. बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात "जून फी", "लसीकरण" असं लिहा. भेट नाकारली म्हणून पैसे थांबवू नका. तुम्ही पैसे थांबवले होते हे समोरचा वकील पहिल्यांदा सांगेल. दुसरी गोष्ट, शाळेतून किंवा आजोळहून मुलाला परस्पर उचलून आणू नका. त्या एका कृतीने तुमची बाजू पूर्ण कोसळू शकते.

अर्ज करायचा तो पालक व पाल्य कायदा, 1890 खाली, मूल नेहमी जिथे राहतं त्या ठिकाणच्या न्यायालयात. मूल आईबरोबर सांगलीला गेलं असेल तर सांगलीत, तुमचं घर शाहूपुरीत असलं तरी. मुख्य अर्जासोबत अंतरिम भेटीचा अर्ज लावा. पाच वर्षांखालचं मूल आईकडून काढून पूर्ण ताबा मिळण्याची शक्यता फार कमी, तेव्हा पहिल्या अर्जात भेटी, फोन, शाळेच्या बैठका, प्रगतीपुस्तकाची प्रत एवढंच मागा. मोजकं मागणाऱ्या आणि तारखेला वेळेवर येणाऱ्या बापाकडे न्यायालय चांगल्या नजरेने पाहतं. भेटी सुरळीत झाल्या की वाढवून मागता येतात.

आई हयात नसेल तर कायद्याने पुढचा पालक बापच. पण आजी-आजोबांनी मूल वाढवलं असेल तर न्यायालय मुलाचं हित पाहून त्यांच्याकडेही ठेवू शकतं. आईलाही मृत्युपत्र करून मुलासाठी पालक नेमता येतो. एकट्या आयांनी हे जरूर करावं.

खालच्या न्यायालयाचा आदेश पटला नाही तर 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबईला तारखेसाठी जाण्याचे दिवस संपले. लेकरू कडेवर घेऊन फिरणाऱ्या आईला ही केवढी सोय झाली, ते तिलाच ठाऊक.

वारसा

हिंदू वारसा कायदा विवाहाबाहेरच्या मुलाचं नातं आईशी आणि आईच्या विवाहाबाहेर जन्मलेल्या इतर मुलांशी जोडतो. बापाच्या मालमत्तेत त्याला आपोआप वाटा मिळत नाही. ज्यांचं लग्न झालं पण कायद्याने रद्दबातल ठरलं, उदाहरणार्थ पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न, त्यांच्या मुलांची गोष्ट वेगळी. हिंदू विवाह कायद्याचं कलम 16 त्यांना औरस मानतं, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडिलोपार्जित मालमत्तेत बापाच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही त्यांचा हिस्सा आहे. दोघं वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून राहिले असतील, तर लग्न झालं होतं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. रेशनकार्ड, मतदार यादी, एलआयसीचे कागद इथे उपयोगी पडतात.

शाहू महाराजांनी 1920 मध्ये करवीर संस्थानात अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्यासंबंधी हिंदू कायद्यात दुरुस्ती केली होती. ज्या मातीत शंभर वर्षांपूर्वी या मुलांचा विचार झाला, तिथे आज बापाच्या सातबाऱ्यावर नाव लागायला त्यांना झगडावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपाय बापाच्या हातात आहे: मृत्युपत्र. स्वकष्टाच्या मालमत्तेबद्दल त्याला हवं ते लिहिता येतं. "माझ्या मुलांना" असं मोघम न लिहिता मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव लिहा. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला मालमत्ता द्यायची त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे जरूर करून घ्या, भाऊबंदकीत तिचा उपयोग होतो. विमा आणि बँकेत नॉमिनी म्हणूनही मुलाचं नाव लावा. नंतर लग्न करणार असाल तरी हे कागद आत्ताच करा, कारण लग्नाने मुलाच्या जन्माची तारीख बदलत नाही.

मदत कुठे मिळेल

कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे वकील विनामूल्य मिळतो. पुरुषांना वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर मिळतो. तालुक्याच्या न्यायालयांतही विधी सेवा समिती असते, आणि 15100 वर फोन करून विचारता येतं. जाताना मुलाचा जन्मदाखला, दोघांचं आधार, दवाखान्याचे कागद, पैशांच्या व्यवहाराचं बँक स्टेटमेंट आणि घटना तारखेनिशी लिहिलेलं एक पान न्या. मूळ प्रती दाखवा, देऊन येऊ नका.

एकट्या आईने आणखी एक अर्ज करावा. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एकपालक मुलाला महिन्याला 2250 रुपये मिळतात, आणि योजनेच्या कारणांमध्ये अविवाहित मातृत्वाचा उल्लेख आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. आईच्या आणि मुलाच्या जोडखात्याचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि शाळेचं बोनाफाईड आधीच काढून ठेवा. वर्षाच्या सुरुवातीला बोनाफाईड लगेच मिळतं, परीक्षेच्या दिवसांत शाळेत चकरा माराव्या लागतात.